रिपोर्ट नॉर्मल होता

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझे यजमान अंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले नाहीत. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. त्याच दुपारी सुभेदार आपल्या मुलाला घेऊन आमच्या दवाखान्यात आले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या आठवणीत मात्र त्या शेजारी शेजारी आहेत, आणि एक काढायला गेले की दुसरीही हाताला लागते. म्हणून दोन्हींपासून सुरुवात केली.

मी सांगलीत, विश्रामबागेत, एका खाजगी मनोरुग्णालयात एकतीस वर्षं समाजसेविका होते. माहेर साताऱ्याचं. समाजसेविका म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई ब्लँकेटं वाटत असणार. आमचं काम वेगळं असतं. डॉक्टर पेशंटला तपासतात. मी त्याचं घर तपासते. कोण कुणाशी बोलत नाही, गोळ्या कुणाच्या हातात असतात, पेशंट घरी गेल्यावर त्याला पहिला टोमणा कोण मारणार, हे सगळं मला आधी माहीत असावं लागतं. औषध डॉक्टर लिहितात, ते घरात टिकेल की नाही ते मी पाहते.

व्यसनाच्या पेशंटांपायी आणखी एक काम माझ्याकडे आलं. लघवीची बाटली हातात घेणं. माझ्यासारख्या पुस्तकी बाईला हे पहिल्या वर्षी फार जड गेलं, पण नंतर त्यात मी तरबेज झाले. ताजी लघवी कोमट असते. बाटली हातात घेतली की निम्मी तपासणी तिथेच होते. एकदा एका मुलानं दिलेली बाटली गारढोण लागली.

"तुझीच ना रे?"

"माझीच की मॅडम. दुसऱ्या कुनाची असंल?"

"मग इतकी गार कशी?"

त्यानं बाटलीकडे पाहिलं. "फ्रीजमधी ठिवली व्हती. खराब हुईल म्हनून."

तपासणीत नशेचं काही निघालं नाही, साखर मात्र भरपूर निघाली. मी त्याला विचारलं, "वडलांना साखरेची गोळी चालू आहे का?" त्याचे डोळे मोठे झाले. "तुमाला कुनी सांगितलं?" मी म्हटलं, "बाटलीनं. गोळी कमी पडतेय त्यांची. उद्या त्यांना घेऊन ये." वडील आले. त्यांची गोळी वाढली. मुलाचं व्यसन सुटायला त्यानंतर आणखी एक वर्ष लागलं. एका बाटलीत दोन पेशंट सापडले म्हणून आमचे डॉक्टर महिनाभर हसत होते.

मी नोकरीला लागले तेव्हा व्यसन म्हणजे दारू. दारूचा माणूस ओळखायला समाजसेविका लागत नाही. शेवटच्या काही वर्षांत मात्र वेगळी मुलं येऊ लागली. निर्व्यसनी घरातली, सुपारीसुद्धा न खाणारी, छातीनं रुंद, डोळ्यांखाली काळं. ती भरतीची मुलं होती.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. कराड, पाटण, खटाव, इकडे कडेगाव, वाळवा या पट्ट्यात एखाद्या घरातून कुणीच फौजेत गेलं नाही असं झालं तर त्या घराला चुकल्यासारखं वाटतं. उसाचं रान आणि फौजेची पेन्शन यांवर घरं उभी आहेत. उजाडायच्या आधी रस्त्याच्या कडेनं मुलांच्या रांगा पळत असतात. सोळाशे मीटर अंतर, साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ. पाच-दहा सेकंदांवरून आयुष्य ठरतं. ते सेकंद कुठून आणायचे? कुणीतरी व्यायामशाळेत सांगतं, एक इंजेक्शन आहे. दारू नव्हे, गांजा नव्हे, औषध आहे, दवाखान्यातलं आहे. ते खरंही आहे. ऑपरेशन चालू असताना पेशंटचा रक्तदाब फार उतरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. नाव मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांत एखादा तरी पेन घेऊन बसलेला असतो.

या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची जी चूक होते, ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. मुलगा झोपत नाही, भूक लागली म्हणत नाही, अंधारात उठून पळतो, परत येऊन पुन्हा पळतो. इतर ठिकाणी आईबाप घाबरले असते. इथे ते शेजाऱ्यांना अभिमानानं सांगतात.

सुभेदारांनीही सांगितलं होतं.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, कराडच्या अलीकडच्या, कृष्णाकाठच्या एका गावचे. त्यांचा मुलगा संग्राम. ही नावं बदललेली आहेत आणि लिहायला मी त्या घराची परवानगी घेतली आहे. सुभेदार म्हणाले, "फकस्त गाव घालू नका." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "माझं नाव घाला की. पेपरात कवा यायचं मी?" म्हणून तेवढं एक नाव खरं आहे. हिराबाई.

त्या दुपारी सुभेदार माझ्यासमोर ताठ बसले होते. शर्टाला कडक इस्त्री होती, बटणं मात्र एक घर चुकलेली. संग्राम भिंतीला पाठ लावून उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. त्याच्या हातात मोबाइल होता, मागचं झाकण उचकटलेला. जबडा सारखा हलत होता. खोलीतला पंखा चालू असून तो घामानं भिजला होता.

"पाच दिस झोपला न्हाई," सुभेदार म्हणाले. "आमाला वाटलं, लय मेहनत करतंय पोरगं. मी मनात म्हनलं, घराण्याचं नाव काढतंय. काल म्हनाय लागला, संगं पळनारी पोरं ह्येच्यावर पाळत ठिवत्यात. उसातनं कॅमेरं लावल्यात. रातीत मोबाइल फोडला."

"मी न्हाई, त्यांनी फोडलाय," संग्राम भिंतीला टेकूनच म्हणाला. "आन् ह्या बाई कुनाच्या हायत?"

"मी इथलीच आहे," मी म्हटलं.

"समदे असंच म्हनत्यात."

डॉक्टरांनी त्याला तपासलं. नाडी घोड्यासारखी, ताप, दंडावर आणि कोपराच्या आत सुयांच्या खुणा. दाखल करून घेतलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर दाराचं कुलूप काढताना माझ्या लक्षात आलं की अख्ख्या दुपारभर मला यजमानांची आठवण आली नव्हती. याचं मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही.

इथे डोपामिनबद्दल सांगायला हवं. हा शब्द हल्ली मोबाइलच्या संदर्भात सगळीकडे ऐकू येतो आणि त्याला आनंदाचं रसायन म्हणतात. आमचे डॉक्टर त्यावर चिडायचे. ते म्हणत, आनंदापेक्षा ते हुरुपाचं रसायन आहे. समोरची गोष्ट करण्याजोगी आहे, ऊठ, असं एक पेशी दुसऱ्या पेशीला ज्या रसायनातून सांगते ते डोपामिन. हात-पाय सुरळीत हलवायलाही तेच लागतं. पेशीच्या टोकाशी ते लहान लहान पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. गरजेपुरतं बाहेर येतं, निरोप पोचवतं आणि उरलेलं पुन्हा आत ओढून घेतलं जातं. मेंदू मोठा काटकसरी आहे.

ही उत्तेजक औषधं त्या पिशव्या एकदम रिकाम्या करतात, आणि आत ओढणारी यंत्रणा उलटी फिरवतात. मग सगळंच महत्त्वाचं वाटू लागतं. पळणं महत्त्वाचं, शेजारच्या मुलाचं खोकणंही महत्त्वाचं, उसाचं पान हललं तेही आपल्यासाठीच. संशय येतो तो असा. दुसरी गोष्ट जास्त वाईट. पिशवीबाहेर मोकळं पडलेलं डोपामिन पेशीलाच जाळू लागतं. पेशीची टोकं खराब होतात. समोरच्या पेशीही इतक्या गोंगाटाला कंटाळून आपली निरोप घेणारी दारं कमी करतात. औषध दोन-चार दिवसांत अंगातून निघून जातं. खराब झालेली टोकं भरून यायला महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. काही वेळा थोडं भरायचं राहूनच जातं.

शेवटची तीन वाक्यं मला एका माणसाच्या मोबदल्यात कळली आहेत. तो माधवनगरचा, यंत्रमागावर काम करणारा, दत्ता नावाचा माणूस. दोन पाळ्या सलग करता याव्यात म्हणून जागं ठेवणाऱ्या गोळ्या घ्यायचा. दाखल झाला, दहा दिवसांत शांत झाला. त्याच्या बायकोला मी म्हटलं, "औषध अंगातून गेलंय सगळं. आता घरी न्या." मी खोटं बोलले नव्हते. पण तिनं ऐकलं ते, नवरा बरा झाला. घरी गेल्यावर तो नुसता पडून राहायचा. तिनं पंधरा दिवस वाट पाहिली, मग बोलायला लागली, मग सासू बोलायला लागली, मग शेजारी. एक दिवस तो चप्पल घालून बाहेर पडला. सहा महिन्यांनी ती माझ्याकडे आली. "तुमी तर म्हनला व्हता, गेलं म्हनून," एवढंच म्हणाली. तो सापडला नाही. तेव्हापासून 'गेलं' हा शब्द मी पेशंटच्या नातेवाइकांपुढे वापरला नाही.

संग्रामचा संशय आठ-दहा दिवसांत ओसरला. तो माझ्यासमोर बसू लागला. झोपला तर इतका झोपला की सिस्टर दर तासाला श्वास बघून यायच्या. आणि मग ती दुसरी गोष्ट सुरू झाली. तो उठायचा, खाटेवर बसायचा आणि तसाच बसून राहायचा. चालताना पाय जमिनीला घासायचे. कप धरला की हात थरथरायचा. हिराबाईंनी गावाकडून मटणाचा रस्सा करून आणला. त्यानं चार घास खाल्ले.

"कसं झालंय रं?" आईनं विचारलं.

"बरं हाय."

"तिखाट झालंय व्हय?"

"कळत न्हाई."

हिराबाई उठून बाहेर आल्या आणि पदर तोंडाला लावून जिन्यात उभ्या राहिल्या. मुलगा वेडंवाकडं बोलत होता तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

भरतीला तेव्हा सव्वा महिना उरला होता. त्यानंतर संग्रामचं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे हे शेवटचं ग्राउंड, भरतीची पळण्याची परीक्षा. सुभेदारांनी डॉक्टरांच्या मागे लागून मेंदूचा एमआरआय करून घेतला. डॉक्टर सांगत होते की त्यात हे दिसणार नाही. डोपामिन मोजायची रक्ताची तपासणी नाही आणि साध्या फोटोत पेशींची टोकं दिसत नाहीत. पण सुभेदारांना कागद हवा होता. कागद आला. दुसऱ्या दिवशी ते तो घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल हाय."

"हो, वाचला मी."

"मग? फौजेत असं न्हाई. फिट म्हंजी फिट, अनफिट म्हंजी अनफिट. मधलं काय नसतंय. आता ह्यो जो पडून ऱ्हातोय, ती सुस्ती हाय. मी अशी लय पोरं ताळ्यावर आनल्यात. आठ दिवस माज्या ताब्यात द्या."

"सुभेदार, तो मनानं ठरवून पडलेला नाही."

"तुमचा कागद असतोय ना, डॉक्टरच्या मर्जीविरुद्ध न्यायचा? त्यो द्या. सही करतो."

तो कागद असतो. मागितला तर द्यावा लागतो. मी कपाटातून काढून दिला. आई-वडील दोघांच्या सह्या घेण्याची आमच्याकडे पद्धत होती, तेवढा एक अडसर होता. सुभेदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "मंडळीची सही घिऊन येतो," म्हणाले.

मला भीती वाटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यापुढे एकदा जरी तेच इंजेक्शन घेतलं तर हृदय दगा देईल, नाहीतर तो संशय कायमचा मुक्कामाला येईल. प्रश्न इतकाच होता की ग्राउंडवर गेला तर तो घेईल का.

त्याचं उत्तर मला संग्रामनंच दिलं, आणि तेही भलत्याच वाटेनं. दुपारी मी वॉर्डच्या टोकाशी, खिडकीजवळच्या टेबलावर डबा खायची. तो समोर येऊन बसला. बराच वेळ माझ्याकडे पाहत होता.

"मॅडम, एक विचारू? रागवायचं न्हाई."

"विचार."

"तुमी बी काय घेताय का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"न्हाई, रोज बगतोय मी. डबा उघडताय, चपाती मोडताय, पुना झाकान लावताय. पुस्तक काढताय, येकच पान धरून बसताय. आमच्या खोलीत त्यो कुपवाडचा पोऱ्या हाय, त्यो बी तसंच करतोय. म्हनून म्हनलं."

इतक्या वर्षांत माझी तपासणी कुणी केली नव्हती. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण गालाला ओढ बसल्यासारखं झालं. "मी काही घेत नाही रे. माझे मिस्टर गेले. महिना झाला."

तो ओशाळला नाही. मान हलवली. "मग तुमचं बी बिघाडलंय म्हना."

"थोडंसं."

"तुमाला काय वाटतंय? म्हंजी, सकाळी उठल्यावर?"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी माझ्या बहिणीलाही दिलं नव्हतं. त्याला दिलं. म्हटलं, चहा करताना दोन कप काढते आणि एक परत ठेवते, आणि तेव्हा फार दुखतं. तो विचार करून म्हणाला, "दुखतंय व्हय तुमाला? माजं दुखत बी न्हाई."

त्या क्षणी मला माझ्यातला आणि त्याच्यातला फरक समजला. माझा माणूस गेला होता, पण दुखणारी जागा शाबूत होती. त्याचं कुणी गेलं नव्हतं. ती जागाच बधिर झाली होती. पुस्तकात हे मी कितीदा तरी वाचलं होतं.

मी विचारलं, "ग्राउंडला जावंसं वाटतं?"

"काय बी वाटत न्हाई. दादा जा म्हनलं तर जायाचं." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"आणि पळशील?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "टोचल्याबिगर पाय उचलायचं न्हाईत, मॅडम."

"हे दादांना सांगशील?"

"तुमीच सांगा."

"मी सांगितलं तर ते बाईमाणसाचं बोलणं होईल. तू सांग. मी शेजारी बसते."

रविवारी तिघांना खोलीत बसवलं. संग्रामनं खाली मान घालून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सुभेदारांचा चेहरा दगडासारखा झाला. मी घाईघाईनं कागदावर दोन पेशी काढल्या, पिशव्या काढल्या, बाण काढले. ही चित्रं मी शेकडो वेळा काढली असतील. चांगली काढते. सुभेदारांनी चित्राकडे पाहिलंच नाही.

"पन रिपोर्ट नॉर्मल हाय," ते म्हणाले.

"आवं, गप बसा की जरा," हिराबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझा कागद ओढून घेतला, उलटसुलट पाहिला. "बाई, मला येक सांगा. ह्ये जे काय आत हाय, ते कमी पडलं म्हनून ह्येला आसं झालं का जास्ती झालं म्हनून?"

"आधी फार जास्त झालं. त्यानं जागा खराब झाली. म्हणून आता जे थोडं आहे तेही धरत नाही."

"म्हंजी रान चोपण झालंय म्हना की."

मी शहरातली. मला शब्द माहीत होता, अर्थ अर्धाच. हिराबाईंनी सांगितलं. नदीकाठची काळी जमीन, पाणी मुबलक, उसाला पाजत राहायचं. जास्त पाणी, जास्त टनेज. काही वर्षांनी जमिनीतला क्षार वर येतो. सुरुवातीला दिसत काही नाही. "वरनं बगाल तर काळंभोर रान. माती तपासल्याचं कागद बी तवा बरंच आलं व्हतं. पेरलं की कळतंय. ऊस हातभर हुतोय आन् पिवळा पडतोय. मग मानूस काय करतंय? आनिक पानी देतंय. ह्येंनी दिलं, खालच्या वावरात. दोन वर्सं देत व्हते. मी बोंबलून सांगत व्हते, पानी तोडा. फौजेतला मानूस, ऐकतोय व्हय कुनाचं!"

सुभेदार मांडीवरच्या टोपीची घडी करत राहिले.

"मग काय केलंत त्या रानाचं?" मी विचारलं.

"काय करताय? पानी तोडलं. चर काढून निचरा केला. ताग पेरायचा, गाडायचा. पुना पेरायचा, गाडायचा. ऊस न्हाई, काय न्हाई. चार वर्सं लोक हसत व्हते. आता शाळू जोंधळा येतोय." त्या नवऱ्याकडे वळल्या. "रानाला चार वर्सं दिली तुमी. पोराला चार म्हयनं द्याना?"

सुभेदार उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. कागद त्यांच्या खिशातच होता. हिराबाईंनी त्यावर सही केली नव्हती, पण ते मनात आणतील तर मुलाला हाताला धरून नेतील आणि आम्ही काही करू शकणार नाही, हे त्यांना आणि मला दोघींना माहीत होतं.

पुढचे पंधरा दिवस ते आलेच नाहीत. फोनही नाही. हिराबाई एसटीनं एक दिवसाआड यायच्या. म्हणायच्या, "बोलत न्हाईत. खालच्या वावरात जाऊन बसत्यात."

ग्राउंडच्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर दवाखान्यात गेले. आधी वॉर्डमध्ये डोकावले. संग्राम झोपला होता. सात वाजले, आठ वाजले. साडेआठला सुभेदार जिना चढून आले. एकटेच. मी उठून उभी राहिले. त्यांनी खिशातून तो कागद काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटांनी घड्या सपाट केल्या. दोन्ही सह्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

"ग्राउंड सहाला सुरू झालं असंल," ते म्हणाले. "आतापतूर त्येची बॅच पळून बी झाली असंल."

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"मॅडम, त्यानं टोचून घेतलं ते माझ्या माघारी. पर पहाटं तीनला दार मी वाजवत व्हतो. घड्याळ माज्या हातात असायचं. पाच सेकंद जास्ती लागलं तर मी दिवसभर बोलत नव्हतो त्येच्यासंगं. आई कळवळायची, मी म्हनायचो, फौजी घडवतोय. औषधाचं मला ठावं नव्हतं. घाईचं ठावं व्हतं. ती माझी व्हती."

मग ते वॉर्डमध्ये गेले आणि मुलाच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. त्याला उठवलं नाही. अकरापर्यंत तसेच बसून होते.

त्यानंतर काही एकदम घडलं नाही. वाचणाऱ्याची निराशा होते अशा ठिकाणी, पण आमच्या कामात चांगली गोष्ट नेहमी अशीच, काही न घडता होते. संग्राम घरी गेला. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरातल्यांना मी तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: वेळेवर झोप, रोज थोडं चालणं, आणि 'कसं वाटतंय' हे दिवसातून एकदाच विचारायचं. तिसरी पाळणं हिराबाईंना फार कठीण गेलं. पहिले दोन महिने फाइलमध्ये मी तेच तेच लिहिलं. मंद. रुची नाही. थरथर आहे. झोप बरी.

तिसऱ्या महिन्यात एकदा तिघांसाठी चहा मागवला. संग्रामनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय रे?"

"कसला च्या म्हनायचा ह्यो! नुसता पाक."

सुभेदार त्याला दटावायला निघाले होते. मी हातानं त्यांना थांबवलं. फाइल उघडली आणि लिहिलं, 'चहाला नाव ठेवलं.' खाली रेघ मारली. त्या फाइलमधली ती माझी आवडती नोंद आहे. माणूस परत यायला लागला की आधी तक्रार करतो. गुण नंतर गातो. पुढच्या भेटीत त्यानं एसटीच्या कंडक्टरला नावं ठेवली, त्याच्या पुढच्या भेटीत मला. "मॅडम, तुमी लय बोलता," म्हणाला. मी मनापासून सुखावले.

त्याच सुमारास माझंही एक पुस्तक वाचून पूर्ण झालं. यजमान गेल्यापासूनचं पहिलं. कसं होतं ते आज आठवत नाही, शेवटचं पान आलं एवढं आठवतं. मी ते मिटून बाजूला ठेवलं आणि कुणाला तरी सांगावं म्हणून वळले. घरात कुणी नव्हतं. दुखलं. पण आता दुखण्याची मला भीती वाटत नव्हती. दुखतं आहे म्हणजे आतलं काम चालू आहे, एवढं एका एकवीस वर्षांच्या मुलानं मला शिकवलं होतं.

मी निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. या नोकरीत मी किती माणसं वाचवली, असं विचारणारे भेटतात. मला ते मोजता येत नाही. वाचलेला माणूस परत येऊन हजेरी लावत नाही. न वाचलेला मात्र मनात येऊन बसतो. माधवनगरवरून जाताना मी अजून रस्त्याच्या कडेची माणसं पाहते. दत्ता आज साठीचा असेल. दिसला तर ओळखणार नाही, तरी पाहते. कामाचा अभिमान विचाराल तर तो लहान आहे. सांगायची गोष्ट मी शास्त्राच्या चित्रांतून सांगत राहिले आणि ती शेवटी एका शेतकरी बाईनं शेताच्या भाषेत सांगितली. माझं काम त्या दिवशी इतकंच झालं की मी मध्ये बोलले नाही. हे शिकायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली.

गेल्या महिन्यात कराडला एका लग्नाला गेले होते. तिथून रिक्षा करून सुभेदारांच्या घरी गेले. हिराबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. सुभेदार आता बरंच ऐकू येत नाही असं दाखवतात, त्यामुळे घरात शांतता आहे. संग्राम मोटारी बांधायचं काम करतो, विहिरीवरच्या पंपाच्या. तांब्याची तार गुंडाळताना त्याचं उजव्या हाताचं बोट जरासं थरथरतं. डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील. तार तो डाव्या हातानं ओढून घेतो, उजव्यानं नुसती दाबून धरतो. संध्याकाळी कधी मनात आलं तर नदीपर्यंत पळून येतो, घड्याळ न लावता. कधी कधी आठवडाभर जात नाही. त्यावर घरात कुणी काही बोलत नाही.

त्यानं वर्दी घातली नाही. ती आता घालता येणार नाही. सात तास झोपतो, जेवतो, भांडतो. तो घरी आहे.